घरचा पडदा आणि समीक्षकाची जबाबदारी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मध्यमवर्गीय चाळीत एखाद्याच घरी दूरचित्रवाणी संच असे. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागला की त्या घराचे दार शेजाऱ्यांना उघडे ठेवावेच लागे. सतरंजीवर मुले, खुर्च्यांवर वडीलधारी माणसे आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले शेजारी, असा तो थाट होता. कोणता चित्रपट पाहायचा हे यांपैकी कोणीच ठरवत नसे. जो लागेल तो पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यावर बोलायचे, एवढेच प्रेक्षकाच्या हाती होते.

पुढचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आले आणि व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या व त्यांच्यापाठोपाठ केबलवाला आला. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात उतरले, आणि २०२० च्या टाळेबंदीत चित्रपटगृहांना कुलपे लागली तेव्हा नवे चित्रपट थेट घरातच प्रदर्शित होऊ लागले. आज कारकुनाच्या हातातल्या मोबाइलवर कोरियापासून इटलीपर्यंतचे चित्रपट हजर आहेत. निवडीला सीमा उरलेली नाही. समीक्षेची रीत मात्र बरीचशी जुनीच राहिली आहे: पहिल्या दिवशी पाहावे, निम्मी कथा सांगावी आणि चांदण्या वाटून मोकळे व्हावे. बदललेल्या परिस्थितीत ही रीत पुरेशी आहे काय, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

तराजू विक्रेत्याच्या हाती

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते ज्या विचारासाठी, त्याचा उगम या निबंधात आहे. मालाचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. परिणामी गिऱ्हाईक साऱ्याच मालाकडे संशयाने पाहते, चांगल्याला रास्त भाव मिळत नाही आणि चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो. चित्रपट ही तर वापरून झाल्यावरच पारखता येणारी वस्तू आहे. तो कसा आहे हे कळते तेव्हा दोन तास गेलेले असतात.

चित्रपटगृहाच्या काळी या अज्ञानावर एक ओबडधोबड उतारा होता. प्रत्येक चित्रपटासाठी स्वतंत्र तिकीट काढावे लागे आणि ‘हाऊसफुल्ल’चा फलक किंवा रिकाम्या खुर्च्या साऱ्या गावाला दिसत. घरच्या पडद्यावर वर्गणी महिन्याची, म्हणून पुढच्या चित्रपटाचे मोल शून्य रुपये. ज्याला किंमत नाही त्याची निवडही निष्काळजीपणे होते. वस्तुतः किंमत असते, ती वेळेची. पन्नास मिनिटांचे दहा भाग म्हणजे आठ तासांहून अधिक. नोकरी, प्रवास आणि घरकाम यांतून उरणारी आठवड्याची जवळजवळ सारी फुरसत. माहिती विपुल झाली की अवधानाची टंचाई होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते.

या टंचाईत वाटाड्या कोण? पडद्यावर आपोआप येणाऱ्या शिफारशी! पूर्वी काय पाहिले यावरून त्या ठरतात. त्यांचा हेतू वर्गणी चालू राहावी हा असतो, प्रेक्षकाची अभिरुची वाढावी हा नव्हे. किती लोकांनी काय पाहिले याचे आकडे नेटफ्लिक्सने बरीच वर्षे स्वतःजवळच ठेवले. साप्ताहिक याद्या २०२१ मध्ये आणि सविस्तर सहामाही अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये निघू लागले. पण मोजणारा अजूनही विकणाराच आहे. यात कोणाची लबाडी आहे असे नव्हे. दुकानदार आपला माल पुढे मांडणारच. म्हणूनच दुकानाबाहेर उभा राहून बोलणारा कोणीतरी लागतो. समीक्षकाचे स्थान ते आहे.

परकीय चित्रपट: शब्दांपलीकडचे

यावर एक आक्षेप हमखास येतो. आता प्रत्येक जण आपले मत मांडू शकतो, मग समीक्षक हवा कशाला? मित्राच्या शिफारशीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मित्र बहुधा जे सर्वांनी पाहिले तेच सुचवतो, आणि परक्या भाषेतल्या चित्रपटात जे कळले नाही ते समजावून देणे त्याच्या आवाक्यात नसते.

बाँग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’चे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला पहिला चित्रपट. त्यात श्रीमंत घरची गृहिणी मोलकरणीला फोनवरून एक पदार्थ करायला सांगते. मूळ कोरियन शब्द ‘जापागुरी’. बाजारात मिळणाऱ्या दोन स्वस्त तयार शेवयांचे ते मिश्रण. इंग्रजी उपशीर्षकांत त्याचे ‘राम-डॉन’ असे घडवलेले नाव झाले. गरिबाच्या या खाण्यावर गृहिणी महागड्या गोमांसाचे तुकडे घालायला लावते. साऱ्या चित्रपटाचा वर्गभेद त्या एका वाडग्यात उतरला आहे. निम्मे जमिनीखाली असलेले घर, खिडकीतून दिसणारे रस्त्यावरचे पाय आणि पावसात वर उसळणारे सांडपाणी, हे मुंबईच्या सखल वस्तीतल्या प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. त्या वाडग्याचा अर्थ मात्र सांगावा लागतो. तो सांगणे हे समीक्षकाचे काम आहे. कथेचा सारांश देणे नव्हे.

लोकप्रियांची हेटाळणी नको

दुसऱ्या टोकाला समीक्षकांचाही एक जुना दोष आहे. परकीय ते थोर आणि लोकप्रिय ते हिणकस, अशी सोयीची वाटणी अनेकांनी केलेली असते. जीतू जोसेफ यांचा मल्याळम ‘दृश्यम’ २०१३ चा. ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तो हिंदीत, गोव्याच्या पार्श्वभूमीवर आणला. त्याचा नायक केबलचा व्यवसाय करतो. शिक्षण बेताचे, पण रात्र-रात्र चित्रपट पाहून त्याने कायदा, पोलीस तपास आणि साक्षीदारांचे मन यांचे ज्ञान मिळवले आहे. छोट्या पडद्यावर पाहिलेल्या चित्रपटांनी माणूस काय शिकतो, हाच या रहस्यकथेचा कणा आहे. मल्याळममधला तिचा दुसरा भाग २०२१ मध्ये थेट घरच्या पडद्यावरच आला, हा योगायोगही बोलका म्हणावा लागेल.

अशा चित्रपटाला ‘खिळवून ठेवणारा’ एवढे प्रशस्तिपत्र देऊन भागत नाही. गुन्हा लपवणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने सारे प्रेक्षागृह कसे झुकते, मुलगा गमावलेल्या आईच्या दुःखाकडे पाहण्याचे त्याला भान का उरत नाही, आणि सामान्य माणसाचा पोलिसांवर इतका अविश्वास का, हे प्रश्न या लोकप्रियतेच्या पोटात आहेत. लक्षावधी घरांत जे पाहिले जाते त्याची चिकित्सा अधिक काटेकोर हवी, कमी नव्हे.

मराठीचा प्रश्न

समीक्षेच्या अभावी सर्वांत मोठे नुकसान होते ते लहान बाजाराच्या भाषेचे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० च्या व्हेनिस महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले. समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही त्याला गौरविले. एप्रिल २०२१ अखेर तो नेटफ्लिक्सवर आला आणि बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना तो घरातच भेटला. शास्त्रीय संगीतासाठी आयुष्य वाहूनही थोरवी हाती न लागलेल्या गायकाची ही कथा. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून तो संथ गतीने दुचाकीवर जातो आणि कानात गुरूंच्या गुरूचे, माईंचे बोल घुमतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट घरोघरी पोहोचण्याच्या काही दिवस आधीच, १९ एप्रिल २०२१ रोजी, त्यांचे निधन झाले होते.

हा चित्रपट अवधान मागतो. कुकरच्या शिट्ट्या मोजत आणि मधूनच फोन घेत पाहिला तर तो कंटाळवाणा वाटेल, आणि बोट सहज पुढच्या चित्रावर जाईल. चित्रपटगृहात अंधार प्रेक्षकाला बांधून ठेवत असे. घरात ते काम समीक्षकाच्या चार शब्दांना करावे लागते. ‘पहिला अर्धा तास धीर धरा, दिवा मालवा, आवाज नीट ऐका’, एवढी साधी सूचनादेखील एखाद्या चित्रपटाला त्याचा प्रेक्षक मिळवून देऊ शकते. ती मिळाली नाही, तर पुढचा तसा चित्रपट काढण्यास भांडवल कोण देणार? चांगला माल बाजारातून हटतो तो असा.

आधी पाहणे, मग निवाडा

१९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका चालू असताना तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि मगच प्रक्षेपणाच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत तोच दृष्टिकोन उचलून धरला. समीक्षकांसाठी यात एक धडा आहे: आधी सर्व पाहावे, मग बोलावे. कंपनीने अगोदर धाडलेल्या दोन-चार भागांवरून दहा भागांचा निवाडा करणे, हे फिर्यादीची एक बाजू ऐकून निकाल देण्यासारखे आहे.

वृत्तपत्रांनी नव्याबरोबर एखादा जुना चित्रपटही दर आठवड्याला निवडावा. कारण घरच्या पडद्यावर जुने-नवे हा भेद राहिलेला नाही. मूळ भाषेत पाहिले की भाषांतरित आवाजात, हे परीक्षणात नमूद व्हावे. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी १९६८ पासून मुंबईत जे केले, ते महाविद्यालयांच्या वर्गांत आणि तालुक्याच्या वाचनालयांत करणे आता अवघड नाही. चित्रपट प्रत्येकाने घरी पाहावा आणि चर्चेसाठी महिन्यातून एकदा एकत्र जमावे. त्याला खर्च येतो तो चहाचा.

चाळीतल्या त्या उघड्या दारातून चित्रपट येत असे, तसा चित्रपटावरचा वादही बाहेर जात असे. आज प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आहे आणि दार लोटलेले आहे. चित्रपट घरात आला ही तक्रार नव्हे. त्याच्यावरचे बोलणेही घरातच विरून जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.