उजवी लेन उसनी असते

मंडळी, आजचं लिखाण थोडं कडू आहे आणि घरच्याच माणसांना उद्देशून आहे. रागवायचं असेल तर जरूर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. समोरच्या बाकावरच्या मुलाला त्याची चूक तोंडावर सांगायची सवय तेव्हा लागली, ती पेन्शन सुरू झाली तरी सुटलेली नाही. फक्त एकदा मी गप्प बसले. त्याचीच ही गोष्ट.

२०२४ चा जानेवारी. कराडला लग्न होतं. ते उरकून दुपारी पुण्याकडे निघालो. गाडी जावई चालवत होते, लेक आणि नातू मागे, आणि मला मान म्हणून पुढची सीट, म्हणजे डावीकडची. उसाचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डाव्या लेनमधून डुलत चाललेले. त्यामुळे जावयांनी उंब्रज सोडल्यावर गाडी जी उजव्या लेनला, दुभाजकाला लावून धरली ती तिथेच. पुढे ट्रॅक्टर संपले, डावी लेन मोकळी झाली, तरी आम्ही उजवीकडेच. वेग ऐंशी. ना कमी, ना जास्त.

अतीतच्या पुढे मागून एक मोठी पांढरी गाडी आली. तिने डिपर मारला, मग हॉर्न दिला, मग पुन्हा डिपर. लेक म्हणाली, "अहो, द्या ना साइड." जावई शांतपणे म्हणाले, "मी मर्यादेत चालवतोय. त्याला मरायची घाई असेल तर जाऊ दे डावीकडून."

आणि तो गेला की डावीकडून. डाव्या लेनमध्ये आमच्या थोडं पुढे एक मोटारसायकल होती. नवरा, बायको, दोघांच्या मधे तीन-चार वर्षांचं पोर. पांढरी गाडी आमच्या आणि त्यांच्या मधल्या फटीतून घुसली आणि आम्हाला कट मारून पुढे पळाली. मोटारसायकलवाला दचकून साइडपट्टीवर उतरला, खडीवरून घसरला आणि तिघंही पडली.

आम्ही थांबलो. देवाची कृपा, पोराला काही लागलं नव्हतं. बाईचं कोपर सोललं होतं, बांगड्या फुटल्या होत्या. पाणी दिलं, गाडीतल्या पेटीतलं औषध लावलं. मी त्या माणसाला म्हटलं, "बाबा, दवाखान्यात सोडू का?" तर मोटारसायकल उभी करत तो म्हणतो कसा, "नको आजी, काय नाय झालं. रोजचंच हाय हे."

गाडीत बसल्यावर जावई म्हणाले, "बघितलंत आई? असल्या लोकांमुळे अपघात होतात." मी मान हलवली आणि पुण्यापर्यंत गप्प बसले. जावयाला गाडीत, नातवासमोर काय बोलायचं! पण त्या दिवसापासून मनात जे सलतंय ते आज लिहून टाकते. त्यांना आधी फोनवर वाचून दाखवलंय, त्यांची परवानगी आहे.

पांढऱ्या गाडीवाला गुन्हेगारच, त्यात वाद नाही. त्याने वाट बघायला हवी होती. पण त्याला त्या फटीत जायला लावलं कुणी? आम्ही. आमच्या डावीकडे लेन मोकळी होती. दहा सेकंद आम्ही डावीकडे सरकलो असतो तर तो उजवीकडून निघून गेला असता आणि ते पोर खडीवर पडलं नसतं. आम्ही वेगाची मर्यादा मोडली नाही, सिग्नल तोडला नाही, दारू प्यायलो नव्हतो. आणि तरीही त्या अपघातात आमचा अर्धा वाटा होता. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या महामार्गांवर जी धोक्याची घुसाघुशी चालते, तिला उडाणटप्पू पोरं जेवढी जबाबदार आहेत तेवढीच उजव्या लेनमध्ये मांडी ठोकून बसलेली आपल्यासारखी सज्जन माणसंही आहेत.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक शब्द दिसतो. शिक्षिकेची खोड म्हणा. आपण उजव्या लेनला 'फास्ट लेन' म्हणतो. नावच चुकलं! फास्ट कोण, हे ज्याने त्याने ठरवायचं. ऐंशीने जाणाऱ्याला आपण फास्ट वाटतो, साठने जाणाऱ्या ट्रकवाल्याला पन्नासच्या ट्रकपेक्षा आपण फास्ट वाटतो, आणि सगळेच त्या लेनवर हक्क सांगतात. खरं म्हणजे ती ओलांडायची लेन आहे. ती उसनी घ्यायची असते. शेजारच्या वहिनींकडून वाटीभर साखर आणली की आपण वाटी परत करतो ना? की वाटी आपल्याच फडताळात ठेवून देतो आणि वर म्हणतो, मी कुठे चोरी केली?

उसनी किती वेळ लागते, तेही पाहू. गणित माझा विषय नव्हे, पण त्रैराशिक येतं. पुढचा ट्रक ताशी ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने. ट्रकच्या तीस मीटर मागून निघून तीस मीटर पुढे जाऊन डावीकडे परत यायचं, तर दोन्ही गाड्यांची लांबी धरून ट्रकपेक्षा साधारण ७५ मीटर जास्त जावं लागतं. वेगातला फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. हिशेब येतो सुमारे चौदा सेकंदांचा आणि तीनशे मीटर रस्त्याचा. बस्स, तेवढीच ती लेन तुमची. आता याच हिशेबाने ५८ ने जाणाऱ्या ट्रकला ६२ ने जाणारा ट्रक ओलांडू लागला तर? सव्वा मिनिट आणि सव्वा किलोमीटर! तोवर मागे वीस गाड्यांची माळ लागते आणि त्यातला एखादा हमखास डावीकडची फट शोधू लागतो.

आणि साइड देण्यात नुकसान किती? समजा तुम्ही डावीकडे आलात आणि पाव मिनिट ट्रकच्या मागे ८० ऐवजी ६० ने जावं लागलं. तोटा चार सेकंदांचासुद्धा नाही. चार सेकंद! वडा खायला थांबतो तेव्हा आपण अर्धा तास मोजत नाही.

कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला स्टिअरिंग हातात धरता येत नाही, तुम्ही कशाला शिकवता? कबूल, मी आयुष्यभर डाव्या सीटवर बसले. पण म्हणूनच सांगते, डावीकडून ओलांडणं का वाईट ते डाव्या सीटवरूनच नीट दिसतं. आपल्याकडे चालक बसतो उजव्या बाजूला. पुढचं वाहन उजवीकडून ओलांडायचं असेल तर त्याला थोडं बाहेर येऊन पुढचा रस्ता दिसतो. डावीकडून जायचं तर जवळजवळ अख्खी गाडी बाहेर काढल्याशिवाय त्याला पुढचं काही दिसत नाही. ते आधी दिसतं मला. पंक्चर काढत बसलेला टेम्पो, एसटीला हात दाखवणारी म्हातारी, उलट्या दिशेने येणारा दूधवाला, सगळं डाव्या खिडकीतच असतं. ज्याला ओलांडायचं तो ट्रकवालाही उजवीकडेच बसलेला, त्यालाही त्याची डावी बाजू धड दिसत नाही. पूर्वी त्यासाठी क्लीनर असायचा. दारावर थाप मारून सांगायचा, "जाने दो" नाहीतर "रोक के." आता कित्येक ट्रकांवर चालक एकटाच असतो.

त्या काळाची दुसरी एक गोष्ट आठवते. हा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ४ होता (आता ४८ म्हणतात) आणि येणारे-जाणारे एकाच पट्ट्यावरून जायचे. आम्ही एसटीच्या लाल डब्यातून माहेरी जायचो. पुढच्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून 'ये' अशी खूण केली की मगच आमचा ड्रायव्हर बाहेर निघायचा आणि जाताना तोही हात उचलायचा. याला म्हणत 'साइड देणे'. देणे! मराठीने किती सुरेख क्रियापद वापरलंय बघा. देणारा कमी होत नाही, मोठा होतो. पुढे सुवर्ण चतुष्कोन आला, रस्ता चौपदरी झाला, पुणे ते सातारा तर सहापदरी. मधे दुभाजक आला आणि समोरून गाडी येण्याची भीती गेली. भीती गेली तशी ती खूणही गेली. आता साइड मागणं हा अपमान आणि देणं हा पराभव. मागच्याने डिपर मारला की आपलेही डोळे तांबडे होतात आणि पाय नकळत दाबला जातो. ज्याला ओलांडलं जातंय त्याने वेग वाढवू नये, हा आपल्याकडे नुसता शिष्टाचार नाही, लेखी नियम आहे. १९८९ च्या नियमांत होता, २०१७ च्या नव्या नियमांतही आहे. किती जणांना माहीत आहे?

आता जावयांची बाजू. ते फोनवर म्हणाले, "आई, सगळं खरं, पण डावी लेन चालवण्यासारखी ठेवलीय का कुणी?" हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. डावीकडे उभे ट्रक, अवजड गाड्यांनी खचलेला डांबर, सर्व्हिस रोडवरून न बघता आत येणारे, विरुद्ध दिशेने येणारे दुचाकीवाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रात्री मागे लाल दिवा तर सोडाच, चमकणारी पट्टीसुद्धा नसते. टोल घेणाऱ्यांनी आणि बंदोबस्तवाल्यांनी याचा जाब दिलाच पाहिजे. आणि रस्त्याकडेच्या पाट्या! 'लेनची शिस्त पाळा.' अहो, पण शिस्त म्हणजे काय ते लिहा की! 'डावीकडून चाला, ओलांडून झालं की परत डावीकडे या' एवढं एक वाक्य पाटीवर मावत नाही? पोराला 'शुद्धलेखन सुधारा' एवढंच सांगून कुणाचं शुद्धलेखन सुधारलंय?

पण जावईबापू, डावी लेन खराब आहे हे उजवीकडे जायचं कारण झालं, उजवीकडे राहायचं नव्हे. खड्डा असेल तिथे उजवीकडे या, उभा ट्रक असेल तर त्याला ओलांडा, पण डावी बाजू मोकळी आणि बरी दिसली की परत फिरा. त्या दिवशी नागठाण्याच्या अलीकडे ती मोकळीही होती आणि बरीही होती.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये असते. तिकडेही आपल्यासारखं डावीकडूनच चालतात. तिथे डावी लेन रिकामी असताना मधल्या लेनमध्ये विनाकारण रेंगाळणाऱ्याला २०१३ पासून पोलीस जागेवरच शंभर पौंडांचा दंड करू शकतात. म्हणजे सावकाश चालवणाराही गुन्हेगार ठरू शकतो, हे त्यांनी मान्य केलंय. आपण 'डावीकडून चाला' हा अर्धा धडा त्यांच्याकडून घेतला आणि उरलेला अर्धा ऑप्शनला टाकला. आपला कायदा तसा मवाळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं हे धोकादायक वाहनचालनात मोडतं, दंडाबरोबर तुरुंगवासही होऊ शकतो. पण ते कलम लागणार घुसणाऱ्याला. त्याला घुसायला लावणारा शांतपणे घरी जाऊन चहा पितो. आम्ही प्यायलोच की!

मागून येणाऱ्यांनाही सोडत नाही. एकदा डिपर द्या, जरा थांबा. समोरच्याच्या डिकीला चिकटून हॉर्न बडवू नका. ताशी शंभरला गाडी सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते, तेवढ्यात पुढच्याने ब्रेक मारला तर तुमचं काय होईल याचा विचार करा. ओलांडलेली गाडी आरशात पूर्ण दिसल्याशिवाय तिच्यापुढे येऊ नका. आणि साइड मिळाली तर हात उचला, काही झिजत नाही.

येत्या लग्नसराईत तुमच्यापैकी बरेच जण या रस्त्याने येतील. माझी एवढीच विनंती, आरसा फक्त भांग बघायला नाही. त्यात मागे कुणी दिसलं आणि डावीकडे जागा असेल तर वाटी परत करा. त्याचा वेग चूक की बरोबर हे तपासायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही.

जावयांबद्दल सांगायचं तर गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा कराडला गेलो. खंबाटकीच्या पुढे मागून डिपर आला. ते क्षणभर ताठ झाले, माझ्याकडे बघितलं आणि सिग्नल देऊन डावीकडे आले. ती गाडी भुर्रकन निघून गेली, हात वगैरे काही उचलला नाही. जावई म्हणाले, "बघा, आभारसुद्धा नाही." मी म्हटलं, "अहो, डावीकडे बघा." एक मोटारसायकल साइडपट्टीला धरून आपल्या चालीने चालली होती. तिला काही कळलंसुद्धा नाही.

असो. फार झालं. नातू मागून विचारत होता, "आजी, आता आपली पाळी कधी?" पुढे एक उसाचा ट्रॅक्टर दिसत होता. मी म्हटलं, "आलीच बघ."