'एमडी'वर बंदी आली. उतारा मात्र नाहीच!

राळेगाव, (वार्ताहर) - मेफेड्रोन अर्थात 'एमडी' या कृत्रिम अमली पदार्थाचा साठा पकडल्याच्या बातम्या राज्याला नवीन नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईचे धागे कुरकुंभ औद्योगिक वसाहतीपासून कुपवाड आणि दिल्लीपर्यंत पोहोचले. साठ्याची किंमत कोटींत मोजली जाते. परंतु हा पदार्थ शरीरात नेमके काय करतो, या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते.

मेफेड्रोनचे सूत्र प्रथम १९२९ मध्ये नोंदले गेले. औषध म्हणून त्याचा कधी वापर झाला नाही. त्यामुळे मान्यताप्राप्त औषधाला ज्या पायऱ्यांवरून जावे लागते, म्हणजे प्राण्यांवरील चाचण्या, सुरक्षित मात्रेची निश्चिती आणि दुष्परिणामांची नोंद, त्यातून तो गेलाच नाही. २००० नंतरच्या दशकात तो युरोपच्या बाजारात आला. संशोधन सुरू झाले ते त्यानंतर, तेही बव्हंशी रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदींवरून.

'खात' या वनस्पतीतील कॅथिनोनचा हा कृत्रिम भाऊबंद. मेंदूतील डोपामाइन, सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायने तो एकदम मोकळी करतो. त्यामुळे उत्साह वाटतो. सोबतच नाडी व रक्तदाब वाढतो, शरीर तापते. मात्रा वाढल्यास भास, संशय आणि झटके येऊ शकतात. अंमल दोन-तीन तासांतच ओसरतो आणि खरा धोका तेथेच आहे. माणूस एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा मात्रा घेतो. यकृतातील ज्या विकराकडून त्याचे विघटन होते, त्याचा वेग व्यक्तीगणिक बदलतो. म्हणूनच एकाला 'पचलेली' मात्रा दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. मद्य किंवा नैराश्यावरील काही गोळ्यांची जोड मिळाली, तर धोका आणखी वाढतो.

भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आला. दोन ग्रॅमपर्यंत अल्प, तर ५० ग्रॅमपेक्षा अधिक साठा व्यापारी प्रमाणाचा मानला जातो. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. कायद्याने अशी पकड घट्ट केली, तरी वैद्यकशास्त्राच्या हाती अद्याप उतारा नाही. रुग्णाला शांत करणारी औषधे, शरीर थंड ठेवणे आणि हृदयावर लक्ष, एवढेच उपचार आहेत. शिवाय लघवीच्या नेहमीच्या तपासणीत हा पदार्थ निसटू शकतो.

यवतमाळ जिल्ह्याला या अडचणीचा अर्थ वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशके एकमेकांत मिसळून फवारली गेली होती. सेंद्रिय फॉस्फरस गटासाठी अ‍ॅट्रोपीनसारखा उतारा होता. डायफेन्थियुरॉनवर विशिष्ट उतारा नव्हता. शरीरात कोणते विष गेले, हे कळण्याआधीच उपचार सुरू करावे लागतात, हा त्या हंगामाचा धडा.

मेफेड्रोन आणि कीटकनाशक यांची तुलना सरसकट करता येणार नाही. एक विष नाइलाजाने अंगावर आले, दुसरे हौसेने घेतले जाते. तथापि, रात्री रुग्ण दारात आला की डॉक्टरांपुढील प्रश्न सारखाच असतो : पुडीत नेमके काय होते? 'एमडी' या नावाखाली काय विकले जाते, याची खात्री घेणाऱ्यालाही नसते.

त्यामुळे केवळ छापे पुरेसे नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयांना उपचारांची लेखी कार्यपद्धती, विषतपासणीची जवळची सोय आणि जप्त मालाच्या रासायनिक अहवालांची वेळेवर माहिती मिळायला हवी. तसेच, पोलिसांच्या भीतीने मुलाने काय घेतले हे घरच्यांनी लपविले, तर उपचार उशिरा सुरू होतात. डॉक्टरांना खरे सांगणे हाच सध्या उपलब्ध असलेला सर्वांत स्वस्त उपाय होय.