दार लावून घेऊ द्या

“पाळी कधी आली होती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि उत्तर नवऱ्याने दिलं. “अंगावरून किती दिवस जातं?” त्याचंही उत्तर त्यानेच. तिसऱ्या प्रश्नाला सासूबाई पुढे सरसावल्या. जिच्या तब्येतीविषयी हे चाललं होतं ती माझ्या जावेची सून मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसली होती. फोन नवऱ्याचा, टीव्हीच्या टेबलावर टेकवलेला, आवाज मोठा केलेला. सासरे पेपर घेऊन समोर, धाकट्या दिराची ये-जा चालू. पलीकडच्या बाई भल्या होत्या, त्यांना घाईही नव्हती. पण त्यांना दिसत होता फक्त हिचा चेहरा. अख्खं घर कॅमेऱ्यामागे होतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून मिळाल्या आणि फोन बंद झाला.

मागच्या अंगणात भांडी विसळताना ती मला म्हणाली, “काकू, बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं तरी लघवी निसटते. तेवढंच विचारायचं होतं.” बाळ आता रांगायला लागलंय. एवढे महिने ही पोर घडी घातलेलं फडकं घेऊन वावरतेय, माहेरच्या लग्नाला जायचंही टाळतेय. (तिला विचारूनच लिहिते आहे.) हे दुखणं बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे व्यायाम नेमाने केले तर अनेकींना आराम पडतो, आणि ते व्हिडिओवर समजावून सांगता येतात. ज्या तक्रारीसाठी ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी, ती तक्रार त्या फोनवर तोंडाबाहेरच पडली नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही.

फोनवरून डॉक्टरांना दाखवण्याच्या सोयीवर माझा राग नाही, हे आधी सांगते. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर, फोनवरून औषधं सांगितल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा अनेक डॉक्टर फोनवर सल्ला द्यायला बिचकू लागले होते. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि कोणतं औषध कशा सल्ल्यावर द्यायचं हे ठरवून दिलं. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलासोबत सल्ल्याच्या वेळी मोठं माणूस हवंच, असं त्यात आहे. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर हा सल्ला फुकट मिळतो. सगळं चांगलंच आहे. पण मुलाजवळ कोण असावं हे नियम सांगतात. बाईजवळ कोण नसावं, हे घरानेच समजून घ्यायचं आहे.

आणि ही समज आपल्याकडे नवी नाही. मुंबईचं कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडलं ते याच एका गरजेपोटी. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला. दवाखाना बायकामुलांसाठी आणि तपासणाऱ्या डॉक्टरही बायकाच. एडिथ पीची इंग्लंडहून येऊन तिथे उभ्या राहिल्या. ज्या विद्यापीठाने बायकांना डॉक्टर होऊ द्यायचं नाकारलं, त्या एडिंबराच्या दारात भांडलेल्या सात जणींपैकी त्या एक. पुढे आपल्या रखमाबाईंना लंडनला डॉक्टरी शिकायला पाठवण्यासाठीही त्या झटल्या आणि परत येऊन रखमाबाईंनी सुरतेत बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं. त्याच १८८६ सालात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेली ती मुलगी. पुरुष डॉक्टरापुढे बायका दुखणं सांगत नाहीत, अंगावर काढतात आणि त्यातच जातात, हे त्या जवळून पाहत होत्या. या सगळ्यांनी आयुष्य वेचून काय मिळवलं? एक खोली, जिच्यात बाई बाईला मोकळेपणी सांगू शकेल. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण ती डॉक्टरीणबाई घरात आणली आणि खोली तेवढी बाहेर ठेवली. याचं मला फार वाईट वाटतं.

 स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या बाकांवर ताटकळणं वाईटच, पण नवऱ्याला “तुम्ही जरा बाहेर थांबा” म्हणणारी सिस्टर तिथे असते. फोनवर ते काम डॉक्टरांनाच करावं लागेल. पहिला प्रश्न पाळीचा नको, “तुम्ही एकट्या आहात का? नसाल तर दार लावून या, मी थांबते,” हा हवा.

मुलांच्या बाबतीत मात्र सगळं उलट. तिथे घर भरलेलं असलं तर बरंच. शेजारच्या बाळाला रात्री ताप चढला आणि छाती भरल्यासारखी वाटली. बालरोगतज्ज्ञांनी झबलं वर करायला लावलं, कॅमेरा पोटावर धरायला सांगितला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस श्वास झाले तर दवाखान्यात निघायचंच. बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर तसंही निघायचं. मग त्यांनी तापाची बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. हे मला फार आवडलं. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल. तेव्हा आयांनो, बाळाचं ताजं वजन आणि हातातली बाटली, दोन्ही दाखवल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि झटका आला, बाळ दूध ओढेना, गरोदर बाईच्या पोटातली हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, अंगावरून रक्त जाऊ लागलं, तर स्क्रीनपुढे बसायचं नाही, १०८ लावायचा.

बाईला आधी ‘एकट्या आहात का?’ विचारावं, हे मी एका वाचक डॉक्टरीणबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “विचारते हो मी, पण फोन तिचा नसतोच.” खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांनी सांगितलं की स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याजवळ आहे. मग जिच्याजवळ नाही तिने कुठे जावं? गावच्या आरोग्य उपकेंद्रात. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. पण मी पाहिलेल्या उपकेंद्रात तो संगणक लसीकरणाच्या रांगेला लागूनच ठेवलेला, आवाज सगळ्यांना ऐकू जाणारा. तिथे एक जाड पडदा, एक हेडफोन आणि सोबतीला आशाताई एवढंच हवंय. ग्रामपंचायतीला हा खर्च जड नाही. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीही ती होईल. जावेच्या सुनेने आणि मी अर्ज लिहून ठेवलाय. आपापल्या गावात तुम्हीही लिहा. विषय विषयपत्रिकेवर यायचा तर तो ग्रामपंचायतीकडे आधी द्यावा लागेल.