कमरेचा काच अंगावर काढू नका



संत्र्याच्या झाडाला बांधलेली तार वेळेवर सोडली नाही, तर ती सालीत रुतते आणि तेथे जखम होते. आपल्या कमरेचेही तसेच आहे.

लुगडे, परकराची नाडी किंवा धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधले, की कातडीला काच पडतो. त्यात वावरातला घाम आणि धूळ. आधी काळा पट्टा उमटतो, खाज सुटते, पापुद्रे निघतात. पुढे जखम झाली, की रोजच्या घासण्याने ती भरत नाही. क्वचित तेथेच कातडीचा कर्करोग होतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली धोतराच्या काचाने होणाऱ्या या रोगाची नोंद केली. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीची जखम दीड वर्ष, दुसरीची दोन वर्षे भरली नव्हती. दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

प्रत्येक काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पण महिनाभरात न भरणारी, कडा उचललेली, रक्त किंवा घाण वास येणारी जखम असेल, तर तिच्यावर बिब्बा, चुना लावत बसू नका. कमरेचा भाग कपड्याखाली, म्हणून बायाबापड्या संकोचाने बोलत नाहीत, घरच्यांनीच विचारावे.

डॉक्टर जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. जांघेत व काखेत गाठी आहेत का, तेही पाहतात. कर्करोग ठरला, तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह तो भाग कापून काढतात. जागा मोठी असेल, तर मांडीची पातळ कातडी तेथे बसवतात. रोग गाठीत गेला असेल, तर गाठीही काढाव्या लागतात. लवकर आलेला रोगी बहुधा पूर्ण बरा होतो.

आधी कारंजाच्या सरकारी दवाखान्यात दाखवा; तेथून अकोला किंवा नागपूरला पाठवतील. जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आहेत.

नाडी रुंद घ्या, सैल बांधा, गाठीची जागा बदलत राहा. वावरातून आल्यावर कंबर धुऊन कोरडी करा. पिकावरची कीड आपण रोज पाहतो. आठवड्यातून एकदा कमरेकडेही पाहा.