कासोटा कोण शिकविणार?

डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा महाराष्ट्रभर पसरली. अमरावती-अकोल्यातही पाडव्याला आपल्या कन्या नऊवारीत मिरवतात, हे स्वागतार्हच. पण ही नऊवारी बहुधा शिवलेली, विजारीसारखी पायांत चढवायची! वऱ्हाडातल्या ज्या आजीने लुगडे नेसून आयुष्यभर कापूस वेचला, तिचा कासोटा नातीच्या हाती आलेलाच नाही.

जपानकडे पाहा. किमोनो तिथेही नित्याचा वेश राहिलेला नाही. कार्यालयांत सूटबूटच दिसतो. तरीही जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, प्रौढत्वदिनी, तरुणी लांब बाह्यांचा किमोनो घालतात. पुष्कळदा तो भाड्याचा असतो, पण नेसविणारे हात जाणते असतात. ही विद्या शिकविणाऱ्या शाळाच तिथे चालतात.

आपल्याकडे ही विद्या अजून घरात आहे. मुलींवर वेशाची सक्ती असावी, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दुचाकीवरून महाविद्यालयात जाणारीला सलवार-कुडताच सोयीचा. (धोतर केव्हाच सोडून बसलेल्या पुरुषांनी तर उपदेश करूच नये.) मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, म्हणजे जपानी मुली किमोनो घालतात त्याच महिन्यात, आजीच्या पेटीतले लुगडे बाहेर काढावे आणि ते कसे नेसायचे, हे तिलाच विचारावे. ऐंशी ओलांडलेल्या या आज्यांपाशी आता फार संक्रांती उरलेल्या नाहीत.