शहाण्याने कोर्टाची पायरी ओळखावी!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दिवाणी दाव्यापुरती ती खरीही असेल. एका भिंतीसाठी तीन पिढ्या भांडणारी घराणी कोणी पाहिली नाहीत? परंतु फौजदारी प्रकरणात ही पायरी चढावी की न चढावी, हे ठरविण्याची मुभा आरोपीस असतेच कोठे? ती त्याला चढावीच लागते. मग ती डोळे मिटून चढावयाची की उघडे ठेवून, एवढाच प्रश्न उरतो. या प्रश्नाचा विचार सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या समाजाने फारसा केलेला नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

आम्ही शिक्षकी पेशात असताना हाताखालून गेलेला एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आला. पदवीधर, बँकेत जबाबदारीच्या जागी. वाहन उभे करण्याच्या जागेवरून शेजाऱ्याशी भांडण झाले, फिर्याद गेली आणि याला चौकीवर बोलावणे आले. सकाळी गेलेला हा गृहस्थ रात्री परतला, तो तीन कागदांवर सह्या करून. कागदांत काय होते, हे त्याला सांगता येईना! ‘सर, सही केली नसती तर आत टाकले असते,’ असे तो म्हणाला. आम्ही त्याला नागरिकशास्त्र शिकविले होते. राज्यपालांची नेमणूक कोण करतो, हे त्याला आजही पाठ आहे. परंतु तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाराची सही घ्यावयाची नाही, असे खुद्द कायदाच सांगतो, हे आम्ही त्याला शिकविले नव्हते. कारण ते आम्हांसच ठाऊक नव्हते. दोष त्याच्या एकट्याचा नव्हे.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. तोंडी बसलेली जुनी कलमे बदलली. ४२० चे ३१८ झाले, ३०२ चे १०३ झाले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांस मात्र जुनी दंड संहिताच लागू राहते. या बदलाने वकीलही काही काळ गोंधळले. मग सामान्य नागरिकाची काय कथा? तथापि कलमांचे आकडे पाठ असण्याची गरज नाही. गरज आहे ती पायऱ्या ओळखण्याची.

‘गुन्हा दाखल झाला’ याचा अर्थ पोलिसांनी एक आरोप नोंदवून घेतला, एवढाच. तपासानंतर सादर होणारे दोषारोपपत्र हे पोलिसांचे मत होय, न्यायालयाचे नव्हे. न्यायालय दोषारोप निश्चित करते तेव्हाही खटला चालविण्याजोगे काही आहे, इतकेच ते म्हणते. पुरावा होऊन दोष सिद्ध झाला, की मगच मनुष्य गुन्हेगार ठरतो. या चार पायऱ्यांत अनेकदा वर्षे जातात. आपण वृत्तपत्रवाले मात्र पहिल्याच पायरीवर छायाचित्र छापून मोकळे होतो आणि निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकतो. हा आरोप आम्ही स्वतःवरही ठेवीत आहोत.

शिक्षेविषयीचे अज्ञानही असेच आहे. ‘सात वर्षांपर्यंत कारावास’ यातील ‘पर्यंत’ हा शब्द वाचक विसरतो आणि आरोपीचे घर सात वर्षांच्या काळोखाने हबकून जाते. बहुतेक कलमे शिक्षेची कमाल मर्यादा सांगतात. त्या मर्यादेत शिक्षा किती, हे न्यायाधीश ठरवितो. काही गुन्ह्यांत किमान शिक्षाही बांधलेली असते, हे खरे. परंतु लहान गुन्ह्यांत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची वाट १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने मोकळी केलेली आहे. नव्या संहितेने समाजसेवा हीसुद्धा शिक्षा मानली. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी करणाराने ऐवज परत केल्यास त्याच्या वाट्यास तीच येते. ‘अजामीनपात्र’ या शब्दाने तर किती घरांची झोप उडविली असेल! जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. जामीन मिळतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

आता हक्कांविषयी. अटकेची कारणे समजणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, हे हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिले आहेत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती २० व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविली आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली गुन्हा शाबीत करण्यास चालत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, आधी हजेरीची नोटीस द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. तपास साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांत पुरा होऊन दोषारोपपत्र आले नाही, तर कोठडीतील आरोपीस जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मात्र तो मागावा लागतो. कोठडीतील प्रत्येक माणसाला, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. अटकेची कारणे लेखी द्यावीत आणि ती आरोपीस समजणाऱ्या भाषेत द्यावीत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती द्यावा, असा तो निर्णय आहे. भाषेचा हा मुद्दा मराठी माणसास नवा वाटू नये. १९०८ साली लोकमान्यांवरील खटल्यात लेख मराठी होते आणि निवाडा झाला तो इंग्रजी भाषांतरांवर, सात युरोपियन व दोन पारशी पंचांसमोर. १८९७ मध्ये वकील या नात्याने ज्यांनी लोकमान्यांसाठी जामीन मागितला होता, त्याच दावरांनी या वेळी न्यायासनावरून तो नाकारला. हक्क माणसांच्या मर्जीवर सोडून चालत नाही, तो लिहून ठेवावा लागतो, याचे यापरते उदाहरण कोणते?

‘आरोपीला एवढी कवचे, मग फिर्यादीने काय करावे?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. परंतु कार्यपद्धती मोडून केलेली अटक न्यायालयात टिकत नाही आणि दांडगाईने मिळविलेली कबुली पुराव्यात गळून पडते. त्याचा लाभ खऱ्या गुन्हेगारास होतो व फिर्यादी रित्या हाताने घरी जातो. नियम पाळणे हे दोघांच्याही हिताचे आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा दोष अद्याप ठरावयाचा होता असे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतील अशाच कैद्यांची दैना पाहून सर्वोच्च न्यायालयाने जलद सुनावणी हा मूलभूत हक्क ठरविला. नवी संहिता सांगते की, फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि दुसरे प्रकरण प्रलंबित नसेल, तर पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर त्याला बाँडवर सोडावे. तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकावर आहे. परंतु जामिनाची रक्कम भरण्याइतके पैसे नाहीत आणि हक्काची माहितीही नाही, अशा माणसासाठी कायद्याचे पुस्तक बंदच राहते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दारात हे हक्क ठळक मराठीत लावावेत. वकील मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पेठांतून आणि चाळींतून विनामूल्य सल्ल्यासाठी द्यावी. शाळांतील नागरिकशास्त्रात राज्यपालांच्या शेजारी दंडाधिकाऱ्यासही जागा मिळावी. आणि वाचकांनी निदान एवढे तरी करावे: न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात पुढे तडजोड झाली. परंतु त्या तीन कागदांत काय होते, हे त्याला अजूनही माहीत नाही.