हवेवर आमचाही हक्क आहे

खासगी वृत्तवाहिन्यांना शिव्या घालणे हा आता आपल्या समाजात एक विरंगुळा झाला आहे. चहाच्या हॉटेलात, मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या मांडवात कुणीतरी एखाद्या अँकरचे नाव काढतो आणि अर्धा तास निघून जातो. त्या वाहिन्यांनी काय केले ते उघड आहे, त्यावर इथे जागा घालवायची आमची इच्छा नाही. ती दुकाने आहेत. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे तो माल ती विकतात. आमचे भांडण आकाशवाणी आणि दूरदर्शनशी आहे, कारण ती आमची आहेत.

'आमची' हा शब्द आम्ही भावनेच्या भरात वापरलेला नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. म्हणजे ही हवा सरकारची नाही, कंपन्यांचीही नाही. चितेगावच्या शेतमजुराचा तिच्यावर जेवढा हक्क तेवढाच दिल्लीच्या मंत्र्याचा. पुढे १९९७ मध्ये प्रसार भारती कायदा अमलात आला. संसदेने तो १९९० मध्येच मंजूर केला होता, पण सात वर्षे तो कपाटात राहिला. या कायद्याच्या बाराव्या कलमात लिहिले आहे की या संस्थेने नागरिकांना मोकळेपणाने, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती द्यावी, परस्परविरोधी मते मांडावीत आणि स्वतःची कोणतीही विचारसरणी पुढे रेटू नये. आम्ही शाळामास्तर माणसे. पाठ्यपुस्तकात लिहिले आहे ते वर्गात शिकवले गेले की नाही, एवढेच तपासायची आम्हाला सवय.

आता २०२० सालाकडे या. मार्चअखेर निजामुद्दीन मरकजचे प्रकरण उघडकीला आले आणि पुढचा महिनाभर देशात साथीपेक्षा तबलीगचीच चर्चा अधिक झाली. खासगी वाहिन्या ओरडत होत्या. दूरदर्शन ओरडत नव्हते, हे आम्ही कबूल करतो. तिथे शांत, संथ आवाजात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची रोजची पत्रकार परिषद थेट दाखवली जात होती. १८ एप्रिलला त्या परिषदेत सांगण्यात आले की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, मरकजशी संबंधित आहेत. आकडा खोटा होता, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांना गावोगाव शोधून तपासले त्यांच्यात रुग्ण अधिक सापडणार आणि ज्यांना तपासलेच नाही त्यांच्यात सापडणार नाहीत, हे आमच्या नववीच्या पोरालाही कळते. हा साधा प्रश्न विचारणे हेच सार्वजनिक प्रसारमाध्यमाचे काम होते. ओरडणाऱ्याचे बोलणे माणूस निम्मे सोडून देतो. शांत आवाजातला सरकारी आकडा मात्र घराघरात जाऊन बसतो. भाजीच्या गाडीवर नाव विचारले जाऊ लागले ते काही एका अँकरच्या आरडाओरड्याने नव्हे. त्या टक्केवारीनेही आपला वाटा उचलला होता.

आणि मग २१ ऑगस्ट २०२० चा निकाल आला. तो आला आमच्याच शहरातून, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलीगींवर दाखल झालेले गुन्हे न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी रद्द केले. परदेशी नागरिक २९ होते. घाना, तांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतून आलेली ही माणसे. न्या. नलावडे यांनी स्पष्ट लिहिले की मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार करण्यात आला, आणि संकटकाळी सरकार बळीचा बकरा शोधते, तसा या लोकांचा केला गेल्याची शक्यता परिस्थितीवरून दिसते. न्या. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्याला संमती दिली, मात्र काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही, असेही नोंदवले. वाचकहो, जरा थांबून पाहा. दोन न्यायाधीश एका खंडपीठावर बसतात, एकमेकांशी मतभेद नोंदवतात आणि तरीही न्याय करतात. सार्वजनिक चर्चा म्हणतात ती हीच. रात्री नऊ वाजता आठ चौकटींत आठ तोंडे एकदम उघडतात तिला चर्चा म्हणत नाहीत.

पण या निकालासाठी कुणी रोजची पत्रकार परिषद भरवली नाही. आरोप महिनाभर हप्त्याहप्त्याने आला, निर्दोषत्व एका दिवसाच्या बातमीत संपले. दिल्लीत सत्तर भारतीयांवर मरकजवाल्यांना आसरा दिल्याचे गुन्हे होते. ते दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले १७ जुलै २०२५ रोजी, पाच वर्षांनी. तोपर्यंत लोक ती बातमी कशाबद्दल आहे हेही विसरले होते.

त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार घडला. त्यात हिंदू-मुसलमान काही नव्हते, आणि म्हणूनच तो इथे मांडायचा आहे. ८ मे २०२०, रमजानचा दुसरा जुमा. सेहरी होऊन, फज्र होऊन लोक जेमतेम आडवे झाले असतील, तेव्हा करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण मेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरिया भागातली माणसे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत निघाली होती आणि थकून तिथेच झोपली. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले, हळहळला आणि मग विचारू लागला की ही माणसे रुळावर झोपलीच कशाला? आठवड्याभराने सर्वोच्च न्यायालयातही तसाच सूर निघाला.

आम्हाला वेगळा प्रश्न पडतो. रेल्वे बंद आहे, असे महिनाभर साऱ्या देशाला सांगितले गेले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या एक दिवसही थांबल्या नव्हत्या. धान्य, कोळसा, खत सारे चालू होते. हे रुळावरून चालणाऱ्या हजारो लोकांना कुणी सांगायचे? खासगी वाहिनीने? तिच्या जाहिरातदाराला या मजुरात काडीचा रस नाही. हे काम आकाशवाणीचे होते. पाऊस कधी येणार, धरणातून पाणी किती सुटणार, हे जी आकाशवाणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली तिचेच. 'रुळावरून चालू नका, मालगाड्या धावत आहेत' एवढे एक वाक्य, दर तासाला, हिंदीत, मराठीत, छत्तीसगढीत, भोजपुरीत. मजुराच्या खिशातल्या साध्या मोबाइलमध्येही रेडिओ असतो. तेवढ्याने सोळा जीव वाचलेच असते, असा दावा कुणी करू शकत नाही. पण रामायण पुन्हा दाखवण्याचा निर्णय दूरदर्शनने टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात घेतला, २८ मार्चला. म्हणजे ठरवले तर वेगाने काम होते. (रामायण दाखवले याबद्दल तक्रार नाही. आमच्या घरी पाहिले गेले.)

आमच्यातले काही शहाणे म्हणतात, मास्तर, रेडिओ आता ऐकतो कोण? दूरदर्शन पाहतो कोण? हे आम्हाला चितेगावात ऐकवले जाते, याची गंमत वाटते. पैठण रस्त्यावरच्या या गावात व्हिडिओकॉनचा कारखाना. देशभरच्या घरांतले टीव्ही इथल्या हातांनी जोडले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. डबा बनवणारे गाव आमचे, पण त्या डब्यात काय दिसावे हे आमच्या गावाला कुणी कधी विचारले नाही. आणि ऐकत नाही म्हणून हक्क सोडायचा, हा तर्क अजब आहे. रेशनचा गहू खराब येतो म्हणून कुणी रेशनकार्ड फाडून टाकत नाही.

दुसरे शहाणे म्हणतात, आपल्यासाठी उर्दू आहे ना! होय, आकाशवाणीच्या आमच्या केंद्रावरून मराठीबरोबर उर्दू बातमीपत्रही सुरू झाले, १५ ऑगस्ट २००६ ला डीडी उर्दू वाहिनीही आली. उर्दूचे शिक्षक म्हणून आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण सरकारी माध्यमांना उर्दू म्हटले की मुशायरा, कव्वाली आणि शेरवानी एवढेच सुचते. उर्दू ही मेलेल्यांची नावे सांगायचीही भाषा आहे, वॉर्डातल्या नळाची, शाळेच्या रिकाम्या पदांचीही भाषा आहे. शिवाय आमचे म्हणणे फक्त उर्दूतून आले तर ते आमचे आम्हीच ऐकणार. ते मराठीतून यायला हवे, साडेसातच्या त्याच बातम्यांत, शेजारच्या पाटलांच्या कानावर.

हे जुने दुखणे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांत मिळून पाच रेडिओ केंद्रे होती, त्यातले एक औरंगाबादचे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीकडे सोपवली. समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला; उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा हे सर्वाधिक पोळलेले जिल्हे. सरकारने तो अहवाल छापला नाही. रझाकारांनी जे अत्याचार केले तेही खरे आणि १७ सप्टेंबरचे झेंडावंदन आम्ही शाळेत मनापासून करतो. परंतु त्या दिवशीच्या कार्यक्रमात सुंदरलाल समितीवर पंधरा मिनिटे दिली तर मुक्तीला कमीपणा येईल, असे कुणाला वाटत असेल तर त्याचा मुक्तीवरचा विश्वास कच्चा आहे.

याउलट दिशा कोणती धरली आहे ते पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीने बातम्यांसाठी हिंदुस्थान समाचार या संघपरिवाराशी जवळीक असलेल्या संस्थेशी करार केला. ५ एप्रिल २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, दूरदर्शनने 'द केरला स्टोरी' दाखवला. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला तरी दाखवला. डीडी न्यूजच्या बोधचिन्हाचा रंग त्याच महिन्यात भगवा झाला, त्याचे आम्हाला सोयरसुतक नाही. रंग कुठलाही असो, बाराव्या कलमाचे काय झाले ते सांगा.

आमची मागणी फार मोठी नाही. ज्या माणसाच्या अटकेची बातमी राष्ट्रीय प्रसारणात दिली, त्याची सुटकाही त्याच वेळेला, तेवढाच वेळ द्यावी, आणि हे लेखी नियमात यावे. ८ सप्टेंबर २००६ ला, शबे बरातच्या जुम्याला, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली. नऊ मुसलमान तरुण पकडले गेले. २५ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्खू चौकातल्या स्फोटात सहा जण मेले. ३१ जुलै २०२५ ला त्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही वेळा वाहिन्यांनी सुटलेल्यांचे चेहरे दाखवले, ते दाखवायलाच हवेत. पण मेलेल्यांच्या आईबापांसमोर ध्वनिक्षेपक कुणी धरायचा? जाहिरातीशिवाय, अँकरशिवाय, एक अख्खा तास, येत्या ८ सप्टेंबरला, बडा कब्रस्तानाच्या दारातून, सह्याद्री वाहिनीवर. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांना हे पटते त्यांनी आपापल्या तालुक्यातून एक पोस्टकार्ड मुंबईला सह्याद्रीच्या केंद्राला आणि एक आपल्या जवळच्या आकाशवाणी केंद्राला टाकावे. मजकूर मराठीत असावा, आणि त्यात बाराव्या कलमाचा उल्लेख जरूर करावा.